मालागाचा अल्कासाबा आधी, अल्हाम्ब्रा नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: मेअखेरीस आई-बाबांना घेऊन दक्षिण स्पेनला जायचंय. बाबा ७२ वर्षांचे, गुडघे दुखतात. आई शाकाहारी, अंडंही चालत नाही. मालागात चार रात्री मुक्काम, त्यातला एक दिवस ग्रानादा शहरातल्या अल्हाम्ब्रा या मूरकालीन महाल-किल्ल्यासाठी ठेवलाय. "अल्हाम्ब्रा बघणारच आहोत, मग मालागातला छोटा किल्ला गाळला तर चालेल का? आणि बीच सोडून तिथे बाकीचे दिवस करायचं काय?"

गाळू नका. उलट अल्हाम्ब्राला जायच्या आधी तो, म्हणजे मालागाचा अल्कासाबा, बघा.

मी गेली सतरा वर्षं मराठी मंडळींना घेऊन आंदालुसियात, म्हणजे दक्षिण स्पेनात, जातेय. सुरुवातीची काही वर्षं आमचा कार्यक्रम आधी ग्रानादा, मग मालागा असा असायचा. अल्हाम्ब्राची गिलाव्यातली नक्षी डोळ्यांत भरून आलेली माणसं अल्कासाबात पाऊल ठेवायची आणि अर्ध्या तासात म्हणायची, "हे साधंच आहे हो." चूक त्यांची नव्हती, क्रमाची होती. अल्हाम्ब्राचे ज्यांच्यासाठी जग लोटतं ते महाल मुख्यतः चौदाव्या शतकातले, ग्रानादावर राज्य करणाऱ्या नासरी घराण्यातल्या सुलतानांच्या भरभराटीतले. अल्कासाबा आकाराला आला अकराव्या शतकाच्या मध्यात, ग्रानादाच्या झिरी घराण्यातल्या बादिस राजाच्या वेळी. म्हणजे सुमारे तीनशे वर्षं आधी. तो आधी किल्ला आहे, मग महाल. वाटेला वळणं का दिली, पाणी कुठून कसं खेळवलं, खोल्या अंगणाकडे तोंड करून का बसल्या, हे सगळं इथे उघडंवाघडं दिसतं. ते बघून अल्हाम्ब्राला गेलं की नक्षीच्या मागचा सांगाडा कळतो. क्रम बदलल्यापासून "साधंच आहे" हे मला ऐकावं लागलेलं नाही.

नाव तर आपल्या ओळखीचंच आहे. अल्कासाबा म्हणजे अरबी 'अल-कसबा'. पुण्याच्या कसबा पेठेतला कसबा तोच. मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेले अरब आणि बर्बर मुसलमान, ७११ साली स्पेनमध्ये उतरले आणि मालागा त्यांच्या हाती राहिलं ते १४८७ पर्यंत. पावणेआठशे वर्षांचा संसार एका किल्ल्यात मावत नाही. तो बाजारात, ताटात आणि बोलण्यातही उरलाय, म्हणून पहिल्या सकाळी थेट किल्ल्यावर जाऊ नका. आधी बाजारात जा.

अतारासानास नावाची मंडई शहराच्या मधोमध आहे. सकाळी नऊपर्यंत पोहोचा. दुपारी ती बंद होते आणि रविवारी उघडतच नाही. आत शिरण्याआधी रस्त्यापलीकडे उभं राहून दाराकडे बघा. लोखंड आणि काचेच्या एकोणिसाव्या शतकातल्या इमारतीच्या मधोमध संगमरवरी नालाकृती कमान बसवलेली दिसेल. ही इमारत होआकिन दे रुकोबा या वास्तुकाराची, १८७० च्या दशकातली. कमान मात्र चौदाव्या शतकातली, नासरी गोदीची. इथे जहाजं बांधायचे, दुरुस्त करायचे आणि समुद्राचं पाणी तेव्हा इथपर्यंत यायचं. अशा सात कमानी होत्या, उरली ही एक. अतारासानास हे नावही अरबी 'दार अस-सिनाआ' म्हणजे कारखान्याची जागा, यावरून आलं. इंग्रजीतलं आर्सेनल त्याच शब्दाचं भावंड.

आता कमानीच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत बघा. दोन छोट्या ढाली कोरल्या आहेत आणि त्यांवर अरबी अक्षरं आहेत: "अल्लाहशिवाय कोणी विजेता नाही." नासरी घराण्याचं हे ब्रीद. हीच ओळ अल्हाम्ब्राच्या भिंतींवर शेकडो वेळा येते, पण तिथे गर्दीत, वेळेच्या धाकात ती नक्षीत हरवून जाते. इथे भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका खालून ये-जा करत असतात आणि तुम्हाला हवा तेवढा वेळ असतो. मी गटातल्या प्रत्येकाला त्या ओळीचा आकार बोटाने हवेत गिरवायला लावते. दोन दिवसांनी ग्रानादात "ती बघा, बाजारातली ओळ!" असं कोणीतरी हमखास ओरडतं.

आत रंगीत काचेची मोठी खिडकी आहे, तिच्या उजेडात मासळीची ओळ चकाकते. आईंना ती बाजू नको असेल तर उजव्या-डाव्या गल्ल्यांतून बदाम, ऑलिव्ह आणि मनुकांच्या दुकानांकडे वळा. मालागाच्या पूर्वेच्या डोंगरउतारांवर मस्कत द्राक्षं उन्हात वाळवून या मनुका करतात. काळपट, बियांच्या आणि इतक्या वासाळ की पुडी बंद असूनही बॅगेला वास लागतो. पाव किलो घ्या, प्रवासात उपयोगी पडतात.

बाजारातून अल्कासाबाच्या पायथ्यापर्यंत रमतगमत वीस मिनिटं. पायथ्याशी रोमन नाट्यगृह आहे, ऑगस्टसच्या काळातलं. शतकानुशतकं ते मातीखाली होतं, १९५१ साली बागेचं काम करताना सापडलं. मुरांनी त्याचे दगड आणि खांब उचलून वर किल्ल्यात वापरले. वरच्या एका दरवाजाला 'खांबांचा दरवाजा' म्हणतात, त्याचे खांब थेट रोमन आहेत. नाट्यगृह रस्त्यावरूनही नीट दिसतं, बाबांनी तिथल्या पायऱ्या उतरायची गरज नाही.

बाबांच्या गुडघ्यांबद्दल स्पष्ट सांगते. अल्कासाबाची वाट चढाची आहे आणि फरसबंदीचे दगड पावलांनी झिजून गुळगुळीत झालेत. चपटे तळवे असलेल्या सँडल अजिबात नकोत, रबरी तळव्याचे बूटच घाला. नगरपालिकेच्या इमारतीच्या मागे, गियेन सोतेलो नावाच्या रस्त्यावर लिफ्ट आहे, ती थेट वरच्या भागात नेते. लिफ्ट कधीमधी बंद असते, तेव्हा आदल्या दिवशी हॉटेलमधून चौकशी करून ठेवा. माझा सल्ला असा की बाबांनी लिफ्टने वर जावं, महाल बघावेत आणि मग उतरताना दरवाजांच्या वाटेने सावकाश खाली यावं. उतारावर गुडघ्यांना काठीचा आधार हवाच. पण ती वाट अजिबात चुकवायची नाही, कारण किल्ल्याची खरी करामत तिथेच आहे.

ज्यांनी रायगडाचा महादरवाजा बघितलाय त्यांना ही करामत लगेच कळेल. आपल्याकडे गोमुखी बांधणीत दरवाजा बुरुजांच्या कवेत लपवतात, सरळ धावून येणाऱ्याला तो समोर दिसत नाही. इथे दरवाजातच काटकोन घातलाय. आत शिरलात की समोर भिंत, वळलात की वरून तटावरच्या माणसाची नजर, पुढे पुन्हा तसंच. प्रत्येक वळणावर बाबांना थांबवा आणि विचारा, "तुम्ही हल्ला करताय, आता तलवारीचा उजवा हात कुठे?" पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे या खेळात रमतात.

आणि पाणी. एका जुलैत मी गटाला दुपारी दीड वाजता वर नेलं होतं. तेव्हा मला 'तेराल' हा शब्द माहीत नव्हता. उन्हाळ्यात कधी कधी डोंगरापलीकडून जमिनीवरचा कोरडा वारा मालागावर उतरतो, समुद्राची झुळूक बंद पडते आणि पारा एकदम चढतो. त्याला तेराल म्हणतात. गटातल्या एका काकांना दुसऱ्या दरवाजापाशी भोवळ आली. आम्ही त्यांना आतल्या बागेत सावलीत बसवलं. त्यांच्या पायाशी फरशीत खोदलेला वीतभर रुंदीचा पाट होता, उतारावरून झुळझुळत जाणारा. काकूंनी ओढणी त्यात भिजवून त्यांच्या कपाळावर ठेवली. दहा मिनिटांत काका बरे झाले आणि म्हणाले, "हे पाणी दिसायला नाही सोडलेलं, ऐकायला सोडलंय." त्या दिवसापासून मी दुपारी एक ते पाच कुठलाही गट किल्ल्यावर नेत नाही आणि त्या बागेत सगळ्यांना दोन मिनिटं डोळे मिटून बसवते. मेअखेरीला तेरालची शक्यता कमी असली तरी ऊन कडक असतं, तेव्हा सकाळी दहाच्या आत चढा, नाहीतर संध्याकाळी सहानंतर. उन्हाळ्याच्या वेळापत्रकात किल्ला रात्री आठपर्यंत उघडा असतो आणि सूर्य नऊनंतर मावळतो. रविवारी दुपारी दोननंतर प्रवेश फुकट असतो, पण तेव्हा दरवाजांत रांगा लागतात. आई-बाबा बरोबर असताना मी तिकीट काढून वेगळ्या वारीच जाईन.

वरचे महाल लहान आहेत. एका ओसरीत अकराव्या शतकातल्या नालाकृती कमानी आहेत, एकमेकींत गुंफलेल्या, कोर्दोव्याच्या मशिदीच्या वळणाच्या. त्यांच्यापुढे चौकोनी हौद असलेलं अंगण. इथे एक गोष्ट मी प्रामाणिकपणे सांगते, आणि प्रत्येक वाटाड्याने सांगावी असं मला वाटतं: यातलं बरंच काही विसाव्या शतकात पुन्हा उभं केलेलं आहे. त्याआधी किल्ला पडझडीत होता आणि गरीब कुटुंबं त्यात झोपड्या करून राहत होती. १९३३ पासून जीर्णोद्धार सुरू झाला. त्यामागे लेओपोल्दो तोर्रेस बाल्बास हे वास्तुकार होते, तेच अल्हाम्ब्राचेही जीर्णोद्धारक, आणि मालागाचे हुआन तेम्बौरी यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. म्हणून जुनं कोणतं आणि नवं कोणतं हे शोधत फिरा, त्याची वेगळी मजा आहे.

वरच्या टेकडीवर दुसरा किल्ला आहे, हिब्राल्फारो. 'जबल' म्हणजे अरबीत डोंगर, 'फारो' म्हणजे ग्रीकमधून आलेला दीपस्तंभ. जिब्राल्टरमधला 'जिब्र'ही तोच जबल. हा किल्ला चौदाव्या शतकात ग्रानादाच्या पहिल्या युसुफने बांधून वाढवला आणि दुहेरी तटाच्या वाटेने अल्कासाबाशी जोडला. नकाशावर ही वाट बघून लोक समजतात की आतूनच वर जाता येईल. येत नाही. खाली उतरून बाहेरून चढावं लागतं आणि तो चढ खडा आहे. तुम्ही बाबांना घेऊन पासेओ देल पार्केवरून ३५ नंबरची बस घ्या, ती दारात सोडते. आत बघण्यासारखं फार नाही, पण तटावरून बंदर, गोल बैलझुंज-मैदान आणि सबंध शहर पायाखाली दिसतं. तासभर पुरे.

तटावर उभं राहून १४८७ ची गोष्ट आठवायला हवी. मेपासून ऑगस्टपर्यंत स्पेनचे ख्रिस्ती राजा-राणी फर्दिनांद आणि इसाबेला यांच्या फौजेने शहराला वेढा घातला होता. याच किल्ल्यात हामेत एल सेग्री नावाचा किल्लेदार शेवटपर्यंत लढला. आत लोक घोडे-कुत्री खाऊन जगले. शरण आल्यावरही दया मिळाली नाही, वाचलेल्यांपैकी बहुतेकांना गुलाम म्हणून विकलं. दर ऑगस्टमध्ये मालागाची मोठी जत्रा भरते ती याच विजयाची आठवण म्हणून. जत्रा सुंदर असते, पण गटाला हे सांगितल्याशिवाय मी पुढे जात नाही.

त्या विजयानंतर मोठ्या मशिदीच्या जागी कॅथेड्रल उभं राहू लागलं. १५२८ मध्ये सुरुवात झाली आणि १७८२ मध्ये काम थांबलं तरी दुसरा मनोरा अपुराच राहिला. म्हणून गावकरी तिला लाडाने 'ला मान्कीता' म्हणतात, एका हाताची बाई. आत पेद्रो दे मेनाने लाकडात कोरलेले संत बघायला हवेत, एकेकाच्या चेहऱ्यावर वेगळं दुःख आहे. पण मला सर्वांत जास्त ओढ वाटते ती बाजूच्या संत्र्याच्या अंगणाची. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता, तोच जो काही वर्षं आधी आपल्या दौलताबादेहून गेला होता, १३५० च्या सुमारास मालागात आला. त्याने इथल्या मशिदीच्या अंगणाची आणि त्यातल्या उंच संत्र्याच्या झाडांची तारीफ लिहून ठेवली आहे, शिवाय मालागाच्या सोनेरी झिलईच्या भांड्यांची आणि अंजिरांचीही. आजची झाडं ती नव्हेत, अंगणाची आखणीही बदलली, पण मशिदीच्या जागी संत्र्याची सावली आजही आहे. झाडावरची संत्री मात्र तोडून खाऊ नका, ती कडू जातीची असतात.

आता आईंचं जेवण. 'सांडविच बेहेताल' असं फलकावर लिहिलेलं असतं आणि भाज्यांचं म्हणून आपण घेतो, पण त्यात बहुतेक वेळा ट्यूना मासा आणि उकडलेलं अंडं असतं. मालागाच्या सॅलडमध्ये संत्रं-बटाट्याबरोबर खारवलेला मासा असतो. भाजीवरही हॅमचे तुकडे भुरभुरवतात, कारण तिथे त्याला मांस न म्हणता चव म्हणतात. म्हणून नुसतं 'शाकाहारी' म्हणून थांबू नका, मोजून सांगा: "सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून, सिन उएवो." मांस नको, हॅम नको, ट्यूना नको, अंडं नको.

हे सांगून झालं की दोन पदार्थ पोटभर खा. एक 'आहोब्लांको', बदाम, लसूण, पाव, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर वाटून केलेलं गारेगार पांढरं सार, वर द्राक्षं. दुसरा वांग्याचे काप, पिठात घोळवून तळलेले, वरून 'मिएल दे कान्या' ओतलेली. शब्दशः अर्थ उसाचा मध, पण पहिला घास घेतलात की आई म्हणतील, "ही तर काकवी!" काकवीच आहे. मुरांनी या किनाऱ्यावर ऊस आणला आणि जवळच्या फ्रिहिलियाना गावात ती बनवणारा कारखाना अजून चालू आहे. त्या एका ताटलीतले शब्दही आपल्याकडूनच निघाले होते. स्पॅनिश 'असुकार' अरबी सुक्करमधून आणि तो संस्कृत शर्करेपासून, आपल्या साखरेचंही मूळ तेच. 'नारान्हा' म्हणजे नारिंग. 'बेरेन्हेना' अरबी-फारसी वाटेने गेलेलं वांगं. कापांसाठी विचारून घ्या की मासे त्याच तेलात तळतात का, बऱ्याच ठिकाणी तळतात. जेवणघरांची चूल दुपारी दीड ते चार आणि मग रात्री साडेआठनंतर पेटते, तेव्हा दुपारचं जेवण मोठं ठेवा. दुधाळ कॉफी आवडत असेल तर 'नुबे' मागा, म्हणजे ढग. मालागात कॉफी-दुधाच्या प्रत्येक प्रमाणाला वेगळं नाव आहे.

उरलेल्या वेळाचं सांगायचं तर पिकासोचा जन्म इथला, १८८१ चा. त्याचं घर आणि २००३ मध्ये उघडलेलं संग्रहालय दोन्ही जवळ आहेत, संग्रहालयाच्या तळघरात रोमनांच्याही आधीच्या फिनिशियन दर्यावर्दींच्या वस्तीचे अवशेषही आहेत. चित्रांची आवड असेल तर अर्धा दिवस द्या, नसेल तर जन्मघराच्या चौकात बसून पुढे निघा. 'अदुआना' नावाच्या राजवाड्यातलं शहराचं संग्रहालय मात्र मी आवर्जून सांगेन. अदुआना म्हणजे जकातनाका आणि मूळ शब्द अरबी 'अद-दिवान', आपला दिवाण. तिथे मूरकालीन भांडी बघता येतात, गर्दी नसते आणि बाबांना बसायला बाक आहेत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पूर्वेच्या पेद्रेगालेहोच्या किनाऱ्यावर जा. वाळूने भरलेल्या जुन्या होड्यांत शेकोटी करून वेताच्या काठीला सार्डिन ओवून भाजतात, ते बघण्यासारखं आहे, मासे खाणाऱ्यांनी तर सोडूच नये. वाटेत कोणाच्या हातात चेंडूसारखा पांढरा मोगऱ्याच्या वासाचा गोळा दिसला तर ती 'बिस्नागा'. वाळलेल्या रानझाडाच्या काड्यांवर जाईची एकेक कळी टोचतात, संध्याकाळी सगळ्या एकदम उमलतात. भर मोसम जूननंतर असतो, मेअखेरीस मिळाली तर आईंसाठी घ्या, हॉटेलची खोली रात्रभर घमघमते.

अल्हाम्ब्रा चौथ्या दिवसासाठी ठेवा, पण तिकीट आजच काढा. ते नावावर असतं, पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणे, आणि नासरी महालांत शिरायची ठरलेली वेळ त्यावर छापलेली असते. ती चुकली तर महाल चुकले. मालागाहून ग्रानादाची बस पावणेदोन तासांच्या आसपास घेते, तिथून गावातल्या इसाबेला चौकातून सी-३० किंवा सी-३२ ही छोटी बस टेकडीवर नेते, बाबांना चढ चढावा लागणार नाही. महालांची वेळ सकाळी अकरानंतरची निवडा म्हणजे पहाटे धावपळ होत नाही, आणि मूळ पासपोर्ट बरोबर ठेवा, दारात मागतात.